खडूच्या खुणांसकट

अमेरिकेत शिकागोजवळच्या रोझमाँट गावात दर नोव्हेंबरात जुन्या मसल कार आणि कॉर्व्हेट गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. अशा प्रदर्शनात काही गाड्यांभोवती गर्दी होते ती रंगाच्या चकाकीमुळे. पण जाणकार माणूस टॉर्च घेऊन आधी गाडीखाली वाकतो. स्टीअरिंगच्या दांड्यावर खडूची रेघ आहे का, मागच्या एक्सलवर रंगाचा फटकारा आहे का, पुढच्या सस्पेन्शनच्या बोल्टवर पिवळा ठिपका आहे का, हे तो बघतो. पन्नासएक वर्षांपूर्वी असेंब्ली लाइनवरच्या कामगारांनी ‘हा बोल्ट आवळला’, ‘ही स्प्रिंग या गाडीची’ एवढंच पुढच्या माणसाला सांगण्यासाठी केलेल्या या खुणा. त्यांतल्या बऱ्याचशा पहिल्या दोन-चार पावसांत धुऊन जात. आज गाडी ‘मूळ फॅक्टरी अवस्थेत’ आणणारा कारागीर त्या पुन्हा काढतो, त्याच जागी आणि त्याच घाईच्या हाताने. हा वेडेपणा वाटणं साहजिक आहे. तरीही मला तो वेडेपणा वाटत नाही. गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे असं म्हणणं हे भूतकाळाबद्दलचं एक विधान आहे, आणि विधान केलं की पुरावा द्यावा लागतो. म्हणून हे काम गॅरेजमध्ये होत असलं तरी त्याची शिस्त इतिहास-संशोधनाची आहे, आणि ते बरं की वाईट हे चकाकीवरून ठरवणं चुकीचं आहे.

आधी या गाड्यांची जात कुठली ते पाहू. मसल कार श्रीमंतांसाठी जन्मलेली नाही. मधल्या आकाराच्या साध्या कौटुंबिक गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं व्ही-एट इंजिन बसवायचं आणि किंमत नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाला झेपेल इतकीच ठेवायची, ही तिची कल्पना. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून तिची सुरुवात धरण्याचा प्रघात आहे. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. त्याच कंपनीच्या पॉन्टिअॅक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन टेम्पेस्ट गाडीवर जादा पैसे भरून मिळणारा ‘पर्याय’ म्हणून विकायला काढलं. पर्यायांबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या आणि बाकीच्या कंपन्या धावतपळत मागे आल्या. पुढे तरुण चालकांच्या विम्याचे दर भडकले, १९७० चा हवा-प्रदूषणाचा कायदा आला, १९७३ चं तेलसंकट आलं आणि दहा वर्षांत खेळ आटोपला. आपल्या विषयापुरती लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की या गाड्या कोणी हस्तकलेसारख्या घडवलेल्या नव्हत्या. मिनिटा-दोन मिनिटांना एक, अशा वेगाने त्या पट्ट्यावरून खाली उतरत होत्या. दारांच्या फटी कमीजास्त असत, रंग ओघळलेला असे, आणि ते चालतही असे.

पुराव्याचा प्रश्न किती अवघड असतो ते कळायला १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरो झेड-२८ चं उदाहरण चांगलं आहे. अमेरिकेतल्या ट्रान्स-अॅम मोटार शर्यतींत इंजिनाला पाच लिटरची, म्हणजे ३०५ घनइंचांची मर्यादा होती आणि शर्यतीत उतरवायची गाडी सामान्य गिऱ्हाइकालाही विकलेली असणं आवश्यक होतं. जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले विभागाकडे ३२७ आणि २८३ घनइंचांची दोन इंजिनं तयार होती. एकाचा चार इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि दुसऱ्याचा तीन इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकत्र केल्यावर ३०२ घनइंचांचं इंजिन झालं, मर्यादेच्या अगदी काठावर बसणारं. कागदोपत्री ते २९० अश्वशक्तीचं. प्रत्यक्षात त्याहून बरंच जोरकस होतं असं जाणकार मानतात. हे इंजिन घेऊन शर्यतपटू मार्क डोनोह्यू यांनी १९६८ आणि १९६९ अशी दोन्ही वर्षं कॅमॅरोला ट्रान्स-अॅमचं विजेतेपद मिळवून दिलं. १९६९ मध्ये सुमारे २ लाख ४३ हजार कॅमॅरो तयार झाल्या, त्यांपैकी २०,३०२ झेड-२८ होत्या. म्हणजे साधारण बारांत एक. आज मात्र साध्या कॅमॅरोला पट्टे रंगवून, मागे स्पॉइलर लावून आणि बिल्ले चिकटवून तयार केलेल्या ‘झेड-२८’ इतक्या आहेत, की जितक्या बनल्या त्याहून जास्त शिल्लक आहेत अशी थट्टा या वर्तुळात नेहमी चालते.

ही लबाडी शक्य होते, कारण गाडीचा चासी नंबर याबाबत मुका आहे. १९६९ च्या व्ही-एट कॅमॅरो कूपेचा नंबर १२४३७ ने सुरू होतो. त्यातून कळतं ते एवढंच, की गाडी शेव्हरोलेची आहे, कॅमॅरो आहे, इंजिन आठ सिलिंडरचं आहे आणि टप दोन दारांचा पक्का आहे. पुढचा ९ सालाचा, आणि त्यानंतरचं अक्षर कारखान्याचं: ओहायोतल्या नॉर्वुडसाठी एन, लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइससाठी एल. सगळ्यात स्वस्त आठ सिलिंडरच्या गाडीचा नंबर आणि शर्यतीच्या इंजिनाच्या गाडीचा नंबर यांत फक्त क्रमांकाचा फरक. बरं, कारखान्याच्या दप्तरात शोधावं, तर शेव्हरोलेच्या अमेरिकेतल्या गाड्यांचं ते दप्तर उपलब्धच नाही. ज्या गाड्या कॅनडात विकल्या गेल्या त्यांच्या नोंदी मात्र जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेने जपल्या. म्हणजे सीमेपलीकडे गेलेल्या गाडीला जन्माचा दाखला मिळतो आणि घरीच राहिलेलीला मिळत नाही.

मग संशोधक करतो तेच करावं लागतं: एकेक तुकडा गोळा करायचा आणि तो दुसऱ्याशी जुळतो का ते पाहायचं. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर एक छोटी पाटी असते. तिच्यावर रंगाचा, सीटच्या कापडाचा आणि गाडी ज्या आठवड्यात बांधली त्याचा संकेतांक असतो. नॉर्वुडच्या कारखान्याने डिसेंबर १९६८ च्या मध्यापासून या पाटीवर ‘एक्स’ने सुरू होणारा आणखी एक संकेतांक ठोकायला सुरुवात केली, एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर ती झेड-२८. पण व्हॅन नाइसने तो कधीच ठोकला नाही आणि नॉर्वुडच्या आधीच्या गाड्यांवरही तो नाही. तेव्हा संकेतांक नाही म्हणून गाडी खोटी ठरत नाही, आणि नवी पाटी ठोकून देणारे असल्यामुळे आहे म्हणून ती खरीही ठरत नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली एक धातूची चकती असते, तिच्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सचे संकेतांक उठवलेले असतात; तिचीही नक्कल होते. चासी नंबराची दर्शनी पाटी फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याच्या खास रिवेटांनी बसवलेली असते, आणि त्याच नंबराचा काही भाग हीटरच्या डब्याआड, सहज न दिसणाऱ्या पत्र्यावरही ठोकलेला असतो. हीटर उतरवल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून लबाडी करणारा नेमका तिथे विसरतो.

यात सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार इंजिन. उजव्या बाजूच्या सिलिंडर-हेडच्या पुढे ब्लॉकवर बोटभर रुंदीचा सपाट भाग असतो. त्यावर इंजिन कुठे आणि कोणत्या तारखेला जुळवलं ते आणि शेवटी दोन अक्षरांचा संकेतांक असतो. १९६९ च्या ३०२ साठी तो ‘डीझेड’. शेजारी गाडीच्या चासी नंबराचा अंश. ब्लॉकच्या ओतकामातही तारीख उठवलेली असते: महिन्याचं अक्षर, दिवस आणि सालाचा शेवटचा आकडा. आता या तारखांनी एकमेकींशी बोललं पाहिजे. ओतकाम आधी, जुळणी नंतर, गाडीची बांधणी त्याहून नंतर, आणि मधली अंतरं दिवसांची किंवा आठवड्यांची. बांधणी फेब्रुवारीतली आणि ब्लॉक मार्चमध्ये ओतलेला असेल, तर बाकी सगळं जुळूनही ते इंजिन त्या गाडीचं नाही. पण तारखाही कोणी खोट्या ठोकल्या तर? त्यासाठी जाणकार त्या सपाट भागाचा पोत पाहतात. कारखान्यात ब्लॉकचा माथा ज्या यंत्राने तासला जाई ते एकाच दिशेने बारीक समांतर चरे सोडून जाई आणि आकडे त्या चऱ्यांवर ठोकले जात. पुढे कधी इंजिन उघडून माथा पुन्हा घासून घेतला, तर चरेही जातात आणि आकडेही जातात. त्यावर नवे आकडे कितीही सफाईने ठोकले तरी खालची जमीन दुसरीच राहते. कागदाची जात आणि शाई पाहून जुनं पत्र अस्सल की बनावट हे ठरवणाऱ्याचं काम याहून फार वेगळं नसतं.

शेव्हरोलेखेरीज इतर गाड्यांत पुराव्याची वाट कमी काटेरी आहे. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांचा मूळ विदा टिकून आहे आणि केव्हिन मार्टी यांच्या संस्थेकडून कोणत्याही गाडीचा अहवाल मिळतो. क्रायस्लरच्या गाड्यांत चासी नंबरातच इंजिनाचं अक्षर असतं; सत्तरच्या आसपासच्या गाड्यांत ‘आर’ म्हणजे ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन. शिवाय बांधणीच्या वेळी गाडीबरोबर फिरणारा कागद कामगार कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, तर कधी पेट्रोलच्या टाकीवर कोंबून मोकळे होत. कुरतडलेला, डागाळलेला असा कागद सीट उसवताना हाती लागला तर मालकाला इंजिन सापडल्याइतकाच आनंद होतो. पॉन्टिअॅकची बिलं जपलेली आहेत; १९६४ आणि १९६५ च्या जीटीओसाठी तर ती फार मोलाची, कारण तेव्हा जीटीओ हा नुसता पर्याय असल्याने चासी नंबर त्याबद्दल बोलत नाही.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष कामाला हात लागतो, आणि इथे चकाकीचा मोह सुरू होतो. गाडी पूर्ण सोडवतात, टप, म्हणजे पत्र्याचा सगळा सांगाडा, एका फिरत्या घोडीवर चढवून उलटासुलटा करतात, जुना रंग आणि गंज काढतात. वाळूचा मारा करून पत्रा साफ करायला गेलं तर बॉनेट आणि दारांच्या सपाट पत्र्याला पोक येतो. रसायनाच्या टाकीत बुडवला तर जोडांच्या फटींत रसायन राहून वर्षभराने नव्या रंगाखालून ओघळतं. सडलेला पत्रा कापून नवा जोडतात. कारखान्यात छप्पर आणि मागच्या बाजूचा पत्रा जिथे मिळत तिथे शिसं भरून जोड बुजवला जाई. आज बहुतेक गॅरेजांत तिथे लांबी भरतात. त्यानंतर रंग. जनरल मोटर्स तेव्हा अॅक्रिलिक लॅकर वापरत असे. त्याची चमक खोल पण मऊ, आणि पृष्ठभागाला किंचित संत्र्याच्या सालीचा पोत. आजचा रंग दोन थरांचा असतो: खाली रंग, वर पारदर्शक कोट. तो जास्त टिकतो आणि काचेसारखा दिसतो, आणि तिथेच गाडी १९६९ ची राहत नाही. शिवाय मूळ गाडीवर रंग सगळीकडे सारखा नव्हता. बाहेरून दिसणाऱ्या भागावर तो पुरेसा, डिकीच्या कोपऱ्यात पातळ, आणि खालच्या बाजूला तर प्रायमरवर बाजूंनी उडालेला नुसता फवारा. पुढचे मडगार्ड आणि बॉनेट टपापासून वेगळे रंगवले जात, त्यामुळे छटेत उजेडात कळेल न कळेल असा फरकही राही. नटबोल्टांचं तसंच: काही फॉस्फेटने काळसर राखाडी, काही कॅडमियमने चंदेरी, काहींवर काहीच नाही. सगळे बोल्ट क्रोम करून टाकणाऱ्याने मेहनत घेतली हे खरं, पण त्याने साक्षीदारांचे जबाब एकाच हाताने लिहून काढले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारागीर १९६९ च्या कामगारापेक्षा चांगला रंग मारू शकत असेल, तर त्याने मुद्दाम ओघळ का सोडावा? खोट्या चुका हाही खोटेपणाच नाही का? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या जुन्या इमारती दुरुस्त करणारे वास्तुकार व्हिओले-ल-द्यूक यांनी जीर्णोद्धाराची व्याख्या अशी केली होती, की वास्तू अशा पूर्णत्वाला न्यायची, जे कदाचित तिच्या आयुष्यात कधीच अस्तित्वात नव्हतं. त्यांच्यावर टीका झाली ती याच भूमिकेमुळे. आपल्याकडे काळ्या दगडाच्या जुन्या देवळावर ऑइलपेंट चढतो आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा येतात, तिथे भक्तीत काही कमी नसते. पण त्यानंतर ते देऊळ आपल्या शतकाबद्दल काही सांगेनासं होतं. आरशासारख्या कॅमॅरोचं तेच होतं. ती सुंदर वस्तू असू शकते, पण ‘फॅक्टरी अवस्था’ हा शब्द तिला लावायचा नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीचे परीक्षक हेच धोरण ठेवतात: कसोटी त्या काळातल्या सर्वसाधारण गाडीची, आणि त्याहून जास्त सफाईदार काम केलं तर गुण कापले जातात. बाकी, आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे. खडूची रेघ कुठे होती याचा पुरावा त्या गाडीवर सापडला, निदान त्याच कारखान्यातल्या त्याच महिन्याच्या न उघडलेल्या गाड्यांवर सापडला, तर ती काढावी. ‘त्या काळी अशा रेघा असायच्या’ म्हणून हव्या तिथे काढलेली रेघ ही सजावट झाली, आणि क्रोमच्या बोल्टाहून ती वेगळी नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंबाबत हीच सीमा घातली आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. योगायोगाने ते जीटीओचंही साल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पत्रा नवा, रंग नवा, सीटची कव्हरं नवी, वायरिंग नवं; मग मूळ असं उरलं काय? हा प्रश्न आता तात्त्विक राहिलेला नाही. डायनाकॉर्न ही कंपनी १९६७ ते १९६९ च्या कॅमॅरोचा अख्खा टप नवा कोरा बनवून विकते. नवा टप, नवे भाग आणि बाजारातून घेतलेलं जुनं इंजिन यांतून एकही मूळ पत्रा नसलेली ‘१९६९ ची’ गाडी उभी राहू शकते. त्यावर जुन्या गाडीची नंबरपाटी उचलून लावली तर तो अमेरिकी कायद्याने गुन्हा ठरतो, पण मोह मोठा असतो. यावर माझं उत्तर असं, की मूळपणा हा ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात मावणारा गुण नाही. तो भागाभागाने मोजावा लागतो, आणि म्हणूनच हिशेब लिहून ठेवावा लागतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, २०१२ मध्ये मंजूर केलेली तुरीन सनद हेच सांगते. शक्य तिथे जपणूक, गरज तिथेच जीर्णोद्धार, बदललेला भाग जवळून पाहिल्यावर ओळखू यावा, आणि केलेल्या कामाची नोंद असावी. नवा पत्रा लावण्यात पाप नाही. तो जुना असल्याचं भासवण्यात आहे.

हा आक्षेप पुढे ढकलत नेला तर तो एका अडचणीच्या जागी पोचतो: सगळ्यात अस्सल गाडी म्हणजे जिचा जीर्णोद्धार झालेलाच नाही ती. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी मस्टँग जीटी १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने विकत घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीन यांनी ती परत मागितली, कुटुंबाने दिली नाही. पुढे क्लच गेला आणि गाडी अनेक वर्षं झाकून पडली. २०१८ मध्ये ती डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली, तेव्हा रंग उडालेला होता, पत्र्यावर गंज होता आणि चित्रीकरणासाठी गाडीखाली जोडलेल्या कॅमेऱ्याच्या आधारांच्या खुणा तशाच होत्या. कोणी ती ‘फॅक्टरीसारखी’ करायला घेतली असती तर सगळ्यात आधी त्या खुणा घासल्या गेल्या असत्या. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती ३४ लाख डॉलरला गेली. कमिशन धरून सुमारे ३७ लाख ४० हजार. म्हणजे बाजारालाही हे कळतं, उशिरा का होईना. अर्थात प्रत्येक गंजकी गाडी ‘बुलिट’ नसते. शेतातल्या शेडमध्ये चाकापर्यंत सडलेल्या कॅमॅरोत जपण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, आणि तिथे जीर्णोद्धार हाच वाचवण्याचा मार्ग असतो. पण ज्या गाडीचा निम्मा रंग मूळ आहे, तिच्यावर सँडपेपर चालवण्याआधी मालकाने थांबावं. त्या रंगाखालचा पुरावा एकदाच असतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. १९६९ च्या आडव्या-तिडव्या धाग्यांच्या, बायस-प्लाय टायरांवर गाडी रस्त्यातल्या प्रत्येक चराच्या मागे ओढली जाते. त्या काळच्या अनेक मसल कारना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि घाट उतरताना ते तापून निकामी होत. झेड-२८ ला पुढे डिस्क ब्रेक सक्तीचे होते, तो तिच्यापुरता अपवाद. शिवाय तिचं इंजिन ११ ला १ इतक्या दाबाचं, शिसं घातलेल्या उच्च दर्जाच्या पेट्रोलसाठी घडवलेलं. अमेरिकेत शिशाचं पेट्रोल रस्त्यावरच्या वाहनांसाठी १९९६ पासून पूर्ण बंद आहे. आजच्या पेट्रोलवर इग्निशन मागे-पुढे केल्याशिवाय ते ठोके देतं, आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या खातं. असं असताना नवे ब्रेक, रेडियल टायर, इंजेक्शनचं इंजिन बसवून वरून जुनी आणि आतून आजची गाडी का करू नये? लोक करतात, त्याला ‘रेस्टोमॉड’ म्हणतात, आणि रोज चालवायची असेल तर तेच शहाणपणाचं आहे. माझी तक्रार एवढीच, की अशी गाडी करायची तर ती आधीच मोडतोड झालेल्या साध्या कॅमॅरोची करावी. इंजिन आणि कागद जुळणाऱ्या झेड-२८ ची नको. आणि मूळ गाडीवरही बाहेरून न दिसणारे किंवा परतवता येणारे बदल करता येतात. हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या घातल्या तर बाहेरून काही दिसत नाही. रेडियल टायर वेगळ्या चाकांवर चढवून मूळ आकाराचे टायर, जे जुन्या साच्यांवरून आजही बनतात, गॅरेजमध्ये ठेवता येतात. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपला तर पुढच्या मालकाला मागे जाता येतं.

राहिला पैसा. हा सगळा मूळपणाचा आग्रह म्हणजे शेवटी किंमत फुगवण्याचं तंत्र आहे, असं म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. १९७१ च्या प्लिमथ हेमी ’कुडाच्या उघड्या टपाच्या जेमतेम अकरा गाड्या बनल्या; त्यांतली एक २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. एका अक्षराला, एका संकेतांकाला एवढी किंमत आली की तो संकेतांक खोटा ठोकणारेही येणारच. पण याचा अर्थ पुराव्याची कसोटी सैल करावी असा होत नाही. नाण्याला किंमत असते म्हणूनच खोटी नाणी पडतात आणि म्हणूनच पारख लागते. उलट, सामान्य मालकाच्या बाबतीत हिशेब बहुधा तोट्याचाच असतो: चांगल्या गॅरेजचं बिल गाडीच्या बाजारभावापेक्षा सहज वर जातं. पैशासाठी हे करणारे थोडे, आणि ते साधारणपणे दुसऱ्याच्या कष्टावर करतात. अशा तहानलेल्या, धूर ओकणाऱ्या गाड्या जपाव्यातच कशाला, हा प्रश्नही आहे. वर्षाकाठी थोडेसेच मैल चालणाऱ्या गाडीमुळे हवेचं फार काही बिघडत नाही, आणि स्वस्त पेट्रोल व जोडणीच्या पट्ट्यावर उभा असलेला एक समाज कसा होता, हे त्या गाडीइतकं थोड्याच वस्तू सांगतात.

मूळपणाचा हा प्रश्न भारतीय कायद्यालाही टाळता आलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. त्यांत विंटेज वाहन म्हणजे मूळ स्वरूपात राखलेलं, ज्याच्या चासीत, टपात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही असं वाहन. त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, आणि ते रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. कुर्ल्याला प्रीमिअर कंपनीत पूर्वी क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, नंतर तिथूनच फियाट ११०० बाहेर पडू लागली. मुंबई-पुण्यातल्या ज्या मालकांकडे यांतल्या गाड्या आहेत, त्यांच्यापुढे कॅमॅरोवाल्याचेच प्रश्न आहेत, फक्त बाजूला उभे राहणारे तज्ज्ञ आणि छापील साधनं कमी. गंजलेला अख्खा तळ कापून नवा पत्रा घातला, तर ती दुरुस्ती की ‘मोठा फेरफार’? नियमाच्या शब्दांतून याचं सरळ उत्तर निघत नाही. निघेल ते गाडीबरोबर असलेल्या फाइलीतून: सोडवण्याआधीचे फोटो, कोणता पत्रा कुठपर्यंत मूळ आहे याचा आराखडा, बदललेल्या भागांची यादी, जुन्या आरसी बुकाची प्रत, आणि ब्लॉकवरच्या आकड्यांचा कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. हे सगळं पहिला बोल्ट सैल करायच्या आधी सुरू करावं लागतं.